दावणीवरच्या म्हाताऱ्या बैलाचा खर्चही कायद्यानं धरावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी सांगोला तालुक्यातली शेतकरी बाई. वय ६१. चार एकर जिरायत आणि विहिरीवर भिजणारं एक एकर, एवढी आमची जमीन. आमच्या दावणीला हरण्या नावाचा खिल्लार बैल आहे. तो आता १९ वर्षांच्या घरात आलाय. सहा वर्षं झाली, त्याच्या खांद्यावर जू ठेवलेलं नाही. दात झिजलेत, त्यामुळं कडबा कोयत्यानं बोटभर तोडून, थोडं पाणी शिंपडून त्याच्यापुढं टाकावा लागतो. हे काम रोज पहाटे मी करते, आणि ते मला जड वाटत नाही. जड वाटतं ते वेगळंच, आणि त्यासाठीच हे पत्र लिहितेय.

गोवंशहत्या बंदीच्या कायद्यावर गेल्या दहा वर्षांत वर्तमानपत्रांतून बाजूनंही आलं, विरोधातही आलं. मी दोन्ही वाचलं. पण ज्याच्या दारात जनावर बांधलेलं असतं त्याची वही कुणी उघडून बघितलेली मला दिसली नाही. म्हणून माझी उघडून दाखवते.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे पत्र खोटं होईल. २००९ साली आमच्याकडं दोन म्हातारे बैल होते. सासऱ्यांनी घेतलेले. माझ्या मालकांनी ते सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात नेऊन विकले. रुमालाखाली बोटं धरून सौदा झाला, दोघांचे मिळून १६ हजार आले. व्यापारी त्यांना नांगराला नेणार नाही हे आम्हाला माहीत होतं. त्या दिवशी सकाळी बैल दारातनं निघाले तेव्हा मी बाहेर आले नाही. चुलीपुढंच बसून राहिले. त्या १६ हजारांत ३६ हजारांची भर घालून मालकांनी त्याच हंगामात खरसुंडीच्या यात्रेत ५२ हजारांना नवी जोडी घेतली, हरण्या आणि गुलब्या. दोघंही दुसे, म्हणजे नुकते दोन दात आलेले, रंगानं पांढरेशुभ्र, शिंगं पाठीमागं वळलेली. आमच्या भागातला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या असाच बैल बदलत आला. म्हाताऱ्याचे पैसे तरण्याला लागायचे. ते बरं होतं असं मी म्हणत नाही. त्या सकाळची आठवण मला अजून नको वाटते. पण शेतीचं गाडं त्या पैशावर चालत होतं, हे खरं आहे.

१९७६ चा मूळ कायदा गाईच्या कत्तलीला बंदी करत होता. बैलाला तेव्हा वाट ठेवलेली होती. कामाला आणि पैदाशीला निरुपयोगी झालाय असा दाखला मिळाला तर त्याची कत्तल करता येत होती. १९९५ मध्ये विधिमंडळानं दुरुस्ती केली, तिला राष्ट्रपतींची मंजुरी मिळायला वीस वर्षं लागली, आणि ४ मार्च २०१५ पासून वळू आणि बैलही बंदीत आले. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. कत्तलीसाठी विकणं आणि वाहतूक करणं हाही गुन्हा. २०१६ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं कायद्यातली काही कलमं रद्द केली, पण बैलाच्या कत्तलीवरची बंदी कायम ठेवली. म्हशी-रेड्यांना जुनी दाखल्याची पद्धत अजून आहे.

माझी या बंदीविषयी तक्रार नाही. कुणी मला विचारलं तर मी सांगेन की २०१५ नंतर हरण्याला बाजार दाखवायचा नाही हे मीच ठरवलं होतं, कायदा नसता तरी ठरवलं असतं. पण माझ्या मनाची गोष्ट वेगळी आणि गावातल्या सगळ्यांना लागू होणारी सक्ती वेगळी. सरकारनं एखादी गोष्ट सक्तीची केली की तिचा खर्च कुठंतरी धरावा लागतो. इथं तो धरलाच नाही. तो आपोआप ज्याच्या दारात खुंटा आहे त्याच्यावर आला.

खर्च असा. हरण्या दिवसाला चार पेंढ्या कडबा खातो. गेल्या उन्हाळ्यात मी शेकडा अडीच हजारानं कडबा घेतला. म्हणजे दिवसाला शंभर रुपये, वर्षाला ३६,५०० रुपये. आमच्याच रानातली वैरण घातली तरी तिची किंमत तीच, कारण ती विकली असती तर तेवढेच आले असते. पेंड, मीठ, जंताचं औषध यात धरलेलं नाही. थंडीत गुडघे धरले की तीळतेल चोळते, तेही नाही.

आता त्याच्याकडनं मिळतं काय? २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं बहुमतानं गुजरातचा असाच कायदा योग्य ठरवला तेव्हा असं म्हटलं होतं की बैल म्हातारा झाला तरी शेण आणि गोमूत्र देतो, म्हणून तो निरुपयोगी होत नाही. माझ्या लेकानं मला तो निकाल मोबाइलवर वाचून दाखवला. न्यायमूर्तींचा मी आदर करते, आणि शेणाची किंमत मला कुणी सांगायला नको, मी जन्मभर उकिरडा राखला आहे. दोन बैल होते तेव्हा वर्षाला त्या दोघांचं मिळून एक ट्रॉली कुजलेलं शेणखत निघायचं. आमच्याकडं ट्रॉली साडेचार हजाराला जाते. एका बैलाचं अर्धं धरा, सव्वादोन हजार. एका बाजूला साडेछत्तीस हजार, दुसऱ्या बाजूला सव्वादोन हजार. माझ्या वहीत हा हिशेब कुठूनही बसत नाही.

डाळिंब होतं तोवर मी हा हिशेब केलाच नाही. आधी तेल्या रोगानं आणि मग खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यानं आमच्या भागातल्या बागा गेल्या. आमची दीडशे झाडं आम्हीच उपटून बांधाला जाळली. तेव्हापासून शंभर रुपये दिसायला लागले.

गुलब्या गेल्या वर्षी गेला. त्याविषयी थोडं लिहिते, कारण म्हातारा बैल सांभाळणं म्हणजे काय हे ज्यांनी केलं नाही त्यांना कळत नाही. तो दिवाळीनंतर एका सकाळी उठेना. बैल एकदा बसला की त्याला कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर अंगाखालची कातडी सडते. साडेतीन-चारशे किलोचं जनावर. मालक आता नाहीत, लेक पुण्याला कंपनीत. दोन्ही वेळेला शेजारची चार माणसं बोलावून, पोटाखालनं पोती सारून, लाकडाची तरफ घालून आम्ही त्याला वळवत होतो. खाली उसाचं पाचट अंथरायचं, ओलं झालं की काढायचं. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर तीन वेळा आले, सलाइन लावलं, चांगले वागले. अकरा दिवस असं चाललं. बाराव्या दिवशी पहाटे त्यानं मान टाकली. हरण्या त्याच्या शेजारीच बांधलेला होता. त्या दिवशी त्यानं वैरणीला तोंड लावलं नाही, आणि पुढं आठवडाभर रिकाम्या खुंट्याकडं तोंड करून उभा राहायचा.

मग पुरायचा प्रश्न. पूर्वी मेलेलं जनावर ओढून नेणारी, कातडं काढणारी माणसं गावात होती. त्यांची मुलं शिकून दुसऱ्या कामाला लागली हे चांगलंच झालं. जे अजून ते काम करतात त्यांना कातडं गाडीत घालून रस्त्यानं जायची भीती वाटते. मी जेसीबी बोलावला. बांधाला खड्डा घेतला, दोन पोती मीठ टाकलं, जेसीबीवाल्यानं दोन हजार घेतले. तेही माझ्या वहीत आहेत.

मला हे परवडलं कारण लेक महिन्याला पैसे पाठवतो. ज्याला कुणी पाठवत नाही तो काय करतो? तेही लिहिते, नाव न घेता. आमच्या शिवारातल्या एकानं गेल्या वैशाखात रात्री आपला बैल आठ मैलांवर नेऊन महामार्गाकडेला सोडला. वेसण काढली, म्होरकी काढली, कानातला बिल्लाही कापून काढला. मला हे त्यानंच सांगितलं आणि सांगताना त्याचा आवाज फुटला. मी त्याला दोन शब्द बोलले, पण जास्त बोलू शकले नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या केंद्रीय कायद्याप्रमाणं जनावराला उपाशी-तहानलेलं राहील अशा रीतीनं सोडून देणं हा गुन्हा आहे. मालकानं पुरेसं खायला न घालणं हाही गुन्हा आहे. दंड मात्र पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये, साठ वर्षांपूर्वीचा. तो वाढवा अशी मागणी प्राणिमित्र करतात, आणि माझा त्याला पाठिंबा आहे. पण कापता येत नाही, सोडता येत नाही, उपाशी ठेवता येत नाही, ही तिन्ही कलमं एकाच दारात येऊन थांबतात. त्या दारातल्या माणसाला कुणी विचारत नाही की बाबा, तू जेवलास का.

सोडलेली जनावरं कुठं जातात? आमच्याच रानात येतात. मागच्या रब्बीत सहा-सात जनावरांच्या कळपानं एका रात्रीत माझा अर्धा एकर हरभरा खाल्ला. त्यांत दोन जर्सीचे गोऱ्हे होते, बरगड्या मोजता येतील असे. दुधाच्या गोठ्यात गोऱ्हा जन्मला की त्याचं काय होतं हे प्रत्येक दूधवाल्याला माहीत आहे. तो ना औताचा, ना शर्यतीचा. मी काठी घेऊन गेले होते, पण मारवलं नाही.

शर्यतीवरनं आठवलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये आपल्या राज्यानं प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या केंद्रीय कायद्यात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची अट घातली, बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या, १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं तो कायदा वैध ठरवला. आमच्या भागात त्या दिवशी फटाके वाजले. खिल्लार वासराला भाव आला, खोंड सांभाळायची हौस परत आली, याचा मला आनंदच आहे. यातनं एक गोष्ट मात्र मी शिकले. राज्यानं मनावर घेतलं तर कायदा लिहिता येतो, अटी घालता येतात, दिल्लीपर्यंत जाऊन टिकवताही येतो. पळणाऱ्या बैलासाठी हे झालं. बसलेल्या बैलासाठी का होऊ नये?

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. ३० सप्टेंबर २०२४ ला देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केलं. त्या निर्णयात आपल्या खिल्लारचं नाव आहे, देवणी, लालकंधारी, डांगी, गवळाऊ यांचीही आहेत. गोशाळांमधल्या देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपये परिपोषण अनुदान मंजूर झालं. चांगलं झालं. मी हरण्यासाठी जवळच्या एका गोशाळेत चौकशी करून आले होते, मालक गेले त्या वर्षी, मन खचलं होतं तेव्हा. तिथल्या व्यवस्थापकांनी सरळ सांगितलं, जागा नाही, शंभर जनावरांच्या जागेत दीडशे आहेत, बैल घेतला तर आयुष्यभराच्या चाऱ्याची रक्कम आधी जमा करावी लागेल. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. त्यांच्या गव्हाणी मी बघितल्या, भुस्सा तळाला गेला होता. मी हरण्याला घेऊन जाण्याचा विचार तिथंच सोडला.

परत येताना एसटीत जो विचार आला तो आता तुमच्यापुढं ठेवते. जो शेतकरी आपला म्हातारा बैल आपल्याच दावणीला शेवटपर्यंत सांभाळतो, त्याला ते ५० रुपये द्या. गोशाळेचं काढून नको, तिचं तिला राहू दे. पण जनावर गोशाळेत पोचलं तरच त्याला सरकारी घास, आणि ज्या हातानं त्याला इतकी वर्षं खाऊ घातलं त्या हाताला काही नाही, हे बरोबर नाही. दुष्काळात आपण दर वेळी भांडतो, छावणी की दावणी, म्हणजे जनावर चारा छावणीत न्यायचं की चारा घरी द्यायचा. घरच्या दावणीला जनावर जास्त सुखात राहतं असं मला वाटतं. बैलाला आपला खुंटा, आपलं माणूस, आपल्या हौदाचं पाणी लागतं. वर्षाला १८,२५० रुपये होतात. माझ्या वैरणीच्या बरोबर निम्मे. निम्मं ओझं मी उचलते, निम्मं ज्यांनी कायदा केला त्यांनी उचलावं.

खोटी जनावरं दाखवून पैसे खातील, ही शंका लगेच येईल. छावण्यांच्या काळात तशा तक्रारी झाल्या, म्हणून ती शंका रास्तच आहे. पण तेव्हा प्रत्येक जनावराला आजच्यासारखा बिल्ला नव्हता. आता जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर १२ अंकी क्रमांक. भारत पशुधन या प्रणालीत त्याचा मालक, वय, जात, लसीकरण सगळं नोंदलेलं असतं. १ जून २०२४ पासून आपल्या राज्यात बिल्ल्याशिवाय बाजारात जनावर विकता येत नाही. त्याच वर्षी दुधाला लिटरमागं ५ रुपये अनुदान दिलं तेव्हा गाईच्या कानातला क्रमांक आणि शेतकऱ्याचं बँक खातं जोडूनच दिलं. म्हणजे वाट तयार आहे. वयाची अट घाला, बारा वर्षांच्या पुढचा बैल. एका घराला दोनच, म्हणजे एक जोडी. लाळ्या-खुरकुताची लस टोचायला डॉक्टर वर्षातनं दोनदा गोठ्यात येतातच, त्याच वेळी बैल बघावा, फोटो काढावा, अंगावर मांस आहे की नाही ते लिहावं. बैल हाडाचा सापळा झालेला दिसला तर अनुदान बंद करावं आणि मालकाला जाब विचारावा. मेला तर पुरायचा खर्च द्यावा आणि नोंद बंद करावी. अशानं आज जो माणूस रात्री बिल्ला कापून बैल सोडतो तोच माणूस बिल्ल्याला जपेल.

पैसे कुठून आणायचे हे मला सांगता येणार नाही. पण २०२२ मध्ये जनावरांचा लम्पी रोग आला तेव्हा सरकारनं पैसे आणलेच. ओढकामाचा बैल लम्पीनं दगावला तर २५ हजार, दुभत्या गाईला ३० हजार, वासराला १६ हजार, अशी भरपाई दिली. कितीतरी घरांना तिचा आधार झाला. त्या साथीत हरण्याच्याही अंगावर गाठी उठल्या होत्या. मी आठ दिवस कडुलिंबाच्या पाल्याच्या कोमट पाण्यानं त्याला पुसून काढत होते, तो वाचला. मेलेल्या जनावराची किंमत करायला आपण शिकलो आहोत. जगणाऱ्याचीही करावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

उशीर करण्यासारखी परिस्थिती नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातली गाय-बैलांची संख्या २०१२ पेक्षा दहा टक्क्यांनी घटलेली निघाली. देशभरातली गोवंशातली नर जनावरं तर तीस टक्क्यांनी घटली. ट्रॅक्टर आला हे कारण आहेच, तो आमच्याही रानात येतो, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण नवा बैल घेताना शेतकरी आता हाही विचार करतो की याला उतारवयात ठेवायचं कुठं, आणि मग घेतच नाही. आमच्या वस्तीवर मी लग्न होऊन आले तेव्हा बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, चाळीसएक जोड्या मिरवायच्या. यंदा तीन होत्या. २०२५ च्या पावसाळ्यात जनावरांचा आणि मांसाचा व्यापार करणाऱ्या कुरेशी समाजानं, रस्त्यात गाड्या अडवतात म्हणून, खरेदी बंद ठेवली तेव्हा तर म्हशीही बाजारातनं परत आल्या, दूधवाल्यांना भाकड म्हैस विकून दुसरी आणता येईना. त्या वादात कोण बरोबर हे ठरवायला मी बसले नाही. रस्त्यात गाडी अडवायचा अधिकार पोलिसांचा, दुसऱ्या कुणाचा नाही, एवढं मात्र मला कळतं. मी स्वतः आमच्या गाईचा खोंड यात्रेला नेत असताना चार तरुण पोरांनी टेम्पो अडवून माझ्याकडं कागद मागितले होते. बाजार समितीची पावती, डॉक्टरांचा दाखला, बिल्ला सगळं होतं. तरी माझे पाय लटपटले. त्यांतल्या एकालाही मी विचारलं असतं तर बैलाला दिवसाला किती पेंढ्या लागतात हे सांगता आलं नसतं.

आपल्या भागाच्या आमदारांना आणि पशुसंवर्धन खात्याला मी हेच पत्र पोस्टानं पाठवलं आहे. तुम्ही छापलंत तर ज्यांच्या दावणीला असा बैल आहे त्यांनीही आपापला खर्च लिहून पाठवावा. आकडा माझ्यापेक्षा कमी असला तरी चालेल, जास्त असला तरी चालेल, खरा असावा.

यंदाच्या बेंदराला मी एकटीनं हरण्याची खांदेमळणी केली. सहा वर्षं जू नाही, तरी खांद्यावरचा घट्टा तसाच आहे. तूप-हळद लावताना तो मान खाली घालून उभा राहिला. डॉक्टर पुढच्या वेळी लस टोचायला येतील तेव्हा त्यांना एक विनंती आहे. खुंट्याला कान घासून त्याचा बिल्ला पुसट झालाय, शेवटचे तीन अंक वाचता येत नाहीत. तेवढा नवीन बसवून द्यावा.

आपली,
एक शेतकरी
ता. सांगोला, जि. सोलापूर